मांडणी

देवळाली कॅम्पातला फ्रेनीबाईंचा बंगला विकला गेला
तेव्हा आमच्या दुकानात मोड आली :
सत्तावीस किलो तांबं, अकरा किलो पितळ,
एक बंब, चिमणी वेगळी,
आणि काट्यावर न चढवलेली एक पेटी.
बाई म्हणाल्या होत्या, हे वजनात धरू नकोस, दीकरा,
हे ऐकायचं असतं.

नानांनी बंब वितळायला पाठवला,
पेटी माळ्यावर ठेवली.
भांडी बाजारात पाणी शिरलं त्या वर्षी
खालचं सगळं गाळात गेलं. ती तेवढी कोरडी.

नाना गेल्यावर मी उघडली.
वरचीच तबकडी : निळं पाकीट, त्यावर एक रिकामी खुर्ची,
मागे नऊ माणसांची नावं, कोण काय वाजवतो ते.
दहावं नाव तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात,
त्याच्यापुढे वाद्यच नाही.
एक इंग्रजी शब्द होता. मी त्याला मराठी लावला :
मांडणी.

आमच्या घरात त्या शब्दाला चार फळ्या आहेत.
खाली हंडे, त्यावर घागरी,
मग तपेल्या एकीत एक बसलेल्या,
सगळ्यात वर फुलपात्री, उपडी.
आणि प्रत्येक फळीवर कडेला सोडलेली वीतभर जागा.
ती कशाला, असं विचारलं की आई म्हणायची,
हात जायला नको का?

पहिल्यांदा लावली तेव्हा वाटलं,
वरात पोचवून बँड परत निघालाय,
पैसे मिळालेत, घाई नाही,
आता जे वाजवतायत ते आपसात.
दुसऱ्यांदा ट्रॉम्बोन सापडला.
पाचव्या-सहाव्यांदा कळलं की सॅक्सोफोन एक नाही, दोन आहेत,
दुसरा पहिल्याच्या सावलीत चालतो
आणि वळणावर हळूच सावली बदलून घेतो.
ड्रमवाला तर जवळजवळ वाजवतच नाही.
कुंचल्याने झाडतो,
सकाळी दुकानाचं शटर उघडल्यावर मी झाडते तसा.

मग एका दुपारी बन्सीकाका आले.
एकावन्न वर्षं तांबट आळीत हातोडा चालवून
दोन्ही कान आळीतच ठेवून आलेला माणूस.
मी म्हटलं, तुम्हाला काय ऐकू येणार.
त्यांनी उत्तर दिलं नाही, तळहात स्पीकरच्या लाकडावर टेकवला.
बराच वेळ. चहावर साय आली.

खाली मोठा हंडा आहे, म्हणाले,
बाकीचे त्याच्या पोटात बोलतायत.
(पाकिटावर पाहिलं : ट्यूबा.)
आणि हा बारीक पत्र्याचा, चकचकीत,
याला एकट्याला पुढं यायचंय, पण कुणीतरी धरून ठेवलंय त्याला.
चांगलं केलंय. एकदम सोडला तर चिरेल.

आता थांबला बघ, म्हणाले.
मला तर सगळंच चालू वाटत होतं.
घाव घालायच्या आधी हात वर असतो ना,
तेवढा थांबलाय.
आणि मग ट्रम्पेट आलं,
नेमकं त्या रिकाम्या वीतभर जागेतून.

आमच्या आळीतसुद्धा असंच होतं, ते सांगू लागले,
सात ऐरणी, सात जण, कुणी कुणाकडे बघत नसे,
पण एकाचा हात दुखला की
सगळ्या आळीचा ठेका सैल पडायचा.
पुढे काहीतरी म्हणाले ते मला लागलं नाही,
ते त्यांच्या त्यांच्यात होतं.

दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या तुकड्यात ओरखडा आहे.
सुई अडकते. तेच चार सूर,
तेच चार सूर, तेच चार.
मी उठले, हात पुढे केला.
काकांनी तळहात न उचलता दुसऱ्या हाताने अडवलं.
मठारतोय तो, म्हणाले.
मठारू दे.